स्वस्त लॅन कार्डाची बखर

दिवाळी अंकात बखर यावी ती एखाद्या गढीची किंवा घराण्याची, अशी आपल्याकडे रीत आहे. मी सांगणार आहे ती तळहाताएवढ्या एका हिरव्या पाटीची. बाजारात तिला लॅन कार्ड म्हणतात. एक संगणक दुसऱ्याशी बोलतो तो हिच्यामार्फत. फराळाच्या ताटात हा खडा कोठून आला, असे कोणास वाटेल, पण आमच्या पुंडलिकनगरात गेले वर्षभर मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न "सर, नवी कादंबरी कधी?" हा नसून "सर, स्वस्तातले कोणते कार्ड लिनक्सवर चालेल?" हा आहे. कादंबरीची चौकशी कोणी करीत नाही, याचे दुःख मी मुकाट्याने गिळले आहे. कार्डाच्या प्रश्नाला मात्र एका वाक्यात उत्तर देता येत नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

लोक हे विचारू का लागले, ते आधी सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. पुढची विंडोज ११ ही जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तिला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चिपही लागते. झाले असे, की कचेऱ्यांतून आणि घरांतून धडधाकट यंत्रे भंगाराच्या वाटेला लागली. गारखेडा परिसरातल्या आमच्या वस्तीत मुलांची एक अभ्यासिका आहे. तिला अशी अकरा यंत्रे दान मिळाली. त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविली. ती फुकट आहे. तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते आणि दुसऱ्याला देता येते. यंत्रे जागी झाली, पण मुकी राहिली. काहींचे तारेचे दार मृगाच्या विजांनी जळून गेलेले होते, आणि मागच्या खोलीपर्यंत तार पोचत नव्हती. परीक्षांचे अर्ज, प्रवेशाच्या याद्या, शिष्यवृत्तीची मुदत, सारेच हल्ली जाळ्यावर. नेट कॅफेत एका अर्जाला जे पैसे पडतात त्यात आमच्याकडच्या मुलाची आठवड्याची वह्या-पेने येतात. जमलेली वर्गणी चार हजारांच्या आत. तेव्हा कार्ड स्वस्त हवे, आणि पहिल्या दिवशी चालायला हवे.

आता इतिहास.

जाळे म्हणजे काय, हे आमच्या शहरातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने डोंगराकडचे पाणी जमिनीखालून या शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. पुढे आणखी नहरी झाल्या. आपली पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरते. त्या कामात खापरी नळ एकात एक बसवीत नेलेले असत. एका नळाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडात बसले तर पाणी पुढे जाणार. कुंभार दहा असोत, माप एक हवे. संगणकांच्या जाळ्याचेही तसेच आहे. नळाच्या तोंडाचे माप जगजाहीर झाले ते १९८० नंतर. कार्डाच्या आतले माप मात्र पुष्कळ दिवस ज्याच्या त्याच्या पेटीत कुलूपबंद राहिले. ही बखर त्या कुलपाची आहे.

मे १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ या तरुणाने एक टिपण लिहिले. एकाच तारेवर अनेक यंत्रांनी पाळीपाळीने बोलावे, दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबावे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, अशी त्यातली योजना. आमच्या वर्गात ही शिस्त अजून आलेली नाही. हवाई बेटांवर १९७१ पासून रेडिओवरून चालणाऱ्या अलोहानेट या जाळ्यावरून ती कल्पना त्याला सुचली होती. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ती प्रत्यक्षात आणली आणि तिला ईथरनेट असे नाव दिले. जुन्या पदार्थविज्ञानात प्रकाश वाहून नेणारे ईथर नावाचे एक कल्पित द्रव्य होते, त्यावरून हे नाव.

झेरॉक्सने या शोधाचे पेटंट घेतले, पण ते कवटाळून ठेवले नाही. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून ईथरनेटचा तपशील छापून प्रसिद्ध केला, आणि नाममात्र शुल्क भरून कोणालाही तसे साहित्य करण्याची मोकळीक मिळाली. १९८३ मध्ये त्याचे रीतसर प्रमाण ठरले. मेटकाफने १९७९ मध्येच थ्रीकॉम नावाची स्वतःची कंपनी काढली होती. १९८२ साली तिने आयबीएमच्या छोट्या संगणकात बसणारे ईथरनेट कार्ड विकायला काढले. किंमत हजार डॉलरच्या घरात! १९८१ साली निघालेला तो संगणकच मुळी साध्यात साध्या रूपात १,५६५ डॉलरला मिळे. बैलगाडीपेक्षा चाबूक थोडासाच स्वस्त, असा तो व्यवहार होता.

हे भाव उतरले कसे, ही कथा मला या साऱ्या इतिहासात फार आवडते, कारण तिच्यात नक्कल करणाऱ्यांचा मान आहे. नॉव्हेल नावाच्या कंपनीला कार्डे विकायची नव्हती. तिला नेटवेअर ही आपली प्रणाली विकायची होती. कार्डे महाग म्हणून जाळी होत नाहीत, आणि जाळी होत नाहीत म्हणून नेटवेअर खपत नाही. तेव्हा तिने नॅशनल सेमीकंडक्टरच्या एका सर्वज्ञात चिपवर बेतलेले साधे कार्ड काढले आणि ते स्वस्तात विकले. आधी एनई १०००, मग एनई २०००. मांडणी इतकी सरळ, की तैवानमधल्या कारखान्यांनी पाहता पाहता तिच्या नकला काढल्या. नव्वदीच्या दशकात दुकानातले बिननावाचे कार्ड म्हणजे बहुधा एनई २००० चीच कोणती तरी नक्कल असे. अस्सल कार्डाच्या स्मृतीत एका ठरावीक जागी दोन ठरावीक आकडे कोरलेले असत. नक्कल करणारे कधी तेवढेच विसरत. मग पुढे लिनक्समध्ये अशा विसराळू कार्डांची एक वेगळी यादीच ठेवावी लागली. तिचे नाव, मराठीत सांगायचे तर, 'वाईट नकलांची यादी'. नकलेतही चांगली-वाईट असा भेद करून दोघींनाही घरात घेणारी ही प्रणाली मला त्या एका यादीमुळे आपली वाटू लागली.

पण लिनक्सवर येण्यापूर्वी एका प्रिंटरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कुलपाची खरी हकीकत तेथे सुरू होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण प्रोग्रॅमर होता. प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक नवा लेसर प्रिंटर भेट दिला. त्यात कागद वरचेवर अडके. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने अशी दुरुस्ती केली होती, की कागद अडकला की ज्याचे काम खोळंबले त्याला निरोप जाई. नव्या प्रिंटरमध्ये तसेच करावे म्हटले, तर त्याची मूळ संहिताच मिळेना. ज्याच्याकडे ती होती अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे तो गेला, तर त्याने सांगितले, की मी ती कोणाला न देण्याचे लिहून दिले आहे. या नकाराने स्टॉलमनच्या मनात जे पेटले त्यातून १९८३ मध्ये मुक्त प्रणाली लिहिण्याचा ग्नू हा प्रकल्प जाहीर झाला. योगायोग असा, की ईथरनेट आणि हा प्रिंटर दोन्ही झेरॉक्सचेच. एका खोलीत कपाट उघडे, दुसऱ्या खोलीत तेच बंद. कंपन्यांचे असे असते. त्यांना एक स्वभाव नसतो.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच लिनक्स. पुढच्या वर्षी तिला स्टॉलमनच्या परवान्याची जोड मिळाली आणि ती सर्वांची झाली. परंतु प्रणाली ही राजासारखी. तिला प्रत्येक प्रांतात कारभारी लागतो. या कारभाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. एसटीचा ड्रायव्हर मनातून काढून टाका. लॅन कार्डात बारीक बारीक खाने असतात. अमुक खान्यात अमुक आकडा टाकला की कार्ड निरोप पाठवते, तमुक खान्यातला आकडा वाचला की निरोप आला आहे हे कळते. कोणत्या खान्यात कोणता आकडा, हे ज्याला ठाऊक तो ड्रायव्हर लिहू शकतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे ते कार्ड म्हणजे मोडी न येणाऱ्यापुढे ठेवलेले मोडी दफ्तर. कागद समोर आहे, शाई स्वच्छ आहे, आणि वाचता काही येत नाही. कार्ड करणारा विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः लिहून डब्यात घालतो. लिनक्ससाठी नव्वदीच्या दशकात तसे क्वचितच कोणी करी. मग परक्याने लिहायचा, तर खान्यांचा तक्ता हवा. तो तक्ता देणारा उत्पादक आणि न देणारा उत्पादक, असे सरळ दोन पक्ष पडले.

या दफ्तरखान्यातला मोठा वाचक म्हणजे डोनाल्ड बेकर. लिनक्सचे कितीतरी ईथरनेट ड्रायव्हर १९९२ पासून त्याने लिहिले. गंमत पाहा: त्यांपैकी काहींच्या माथ्यावर स्वामित्वाची नोंद आहे ती अमेरिकी सरकारची, आणि तीही राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे जगाचे चोरून ऐकणाऱ्या खात्याच्या, संचालकामार्फत. अशा गुप्त खात्याच्या नावाचा कागद साऱ्या जगात खुलेआम वाचला जातो, हे कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी खोडले असते. १९९४ मध्ये बेकर आणि थॉमस स्टर्लिंग यांनी नासाच्या गॉडार्ड केंद्रासाठी सोळा साधे बाजारी संगणक ईथरनेटने जोडून त्यांच्याकडून एका मोठ्या यंत्राचे काम करून घेतले. एका कार्डाचा वेग पुरेना, तेव्हा बेकरने ड्रायव्हर असे बदलले, की एकाहून अधिक कार्डे एकत्र जुंपता यावीत. दोन बैलांची जोडी जुंपावी तसे. महाग कार्ड न घेता स्वस्त दोन घ्यायची, हा विचार तेव्हापासूनचा आहे. त्या यंत्राचे नाव बेओवुल्फ.

त्याच काळात पॉल गॉर्टमेकर याने ईथरनेट कार्डांविषयी एक मोफत मार्गदर्शिका लिहून चालविली. कोणते कार्ड घ्यावे, कोणते टाळावे, कोणत्या कंपनीने तक्ता दिला, कोणत्या कंपनीने नाकारला, हे सारे तीत नावानिशी. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. तरी ती मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. पंचांगात जसे शुभ-अशुभ दिलेले असते तसे तीत कार्डांचे दिलेले आहे. फरक एवढाच, की येथे प्रत्येक अशुभाचे कारण सांगितलेले आहे.

आपल्याकडे हे वारे पोचले कसे? १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, पण त्यावरून एवढी प्रणाली उतरवून घेणे म्हणजे वाटीने विहीर उपसणे. १९९६ साली पीसी क्वेस्ट या मासिकाने लिनक्सची तबकडी अंकाबरोबर वाटली, आणि पुढेही तसे अंक निघत राहिले. त्या कामात पुढे असलेले अतुल चिटणीस हे बेळगावात शिकलेले. नंतर बंगळूरला त्यांनी मुक्त प्रणालींचे मोठे मेळावे भरविले; २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. गावोगावच्या पोरांना लिनक्स भेटले ते त्या तबकडीतून. ते आपल्या यंत्रावर बसवल्यावर जाळे जोडायला कार्ड हवे, आणि कार्ड म्हटले की मुंबईचा लॅमिंग्टन रोड. त्याचे कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण पुड्यांतून सुटी कार्डे विकणाऱ्या त्या रस्त्याला ते नाव घेऊन विचारले तर रिक्षावालाही गोंधळतो. बरे, त्या भागात रिक्षाही नाही.

तेथल्या पुडीतून जे कार्ड हमखास निघे ते रिअलटेकच्या आरटीएल ८१३९ या चिपचे. रिअलटेक ही तैवानमधील शिंचू येथे १९८७ साली स्थापन झालेली कंपनी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या चिपने दहापट वेग दोन-तीनशे रुपयांत आणला. कार्डावर मोठा एक किडा आणि भोवती चार-दोन सटरफटर भाग. स्वस्ताई कशी साधली? काम कमी करून. चांगले कार्ड आलेला निरोप संगणकाच्या स्मृतीत जेथे हवा तेथे नेऊन ठेवते. हे कार्ड सारे निरोप एकाच गोल हौदात ओतते; तेथून उचलून जागच्या जागी लावण्याची हमाली संगणकाच्या प्रोसेसरने करायची. निरोप पाठवतानाही तो ठरावीक मापाच्या सीमेवर मांडून द्यावा लागतो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीसाठी याचा ड्रायव्हर लिहिणारा बिल पॉल इतका वैतागला, की त्याने ड्रायव्हरच्या टिपेतच, 'हलके' या शब्दाचा अर्थ या चिपने नव्याने ठरविला, अशा आशयाचा शेरा मारून ठेवला. शिव्या देत दिला खरा, पण ड्रायव्हर दिला. कारण चिपचा तक्ता हाताशी होता.

माझ्या मते या बखरीतला हा कळीचा प्रसंग आहे. त्याहून उत्तम चिपा बाजारात होत्या. ८१३९ टिकली ती गुणांवर नव्हे. तिचे खाने लोकांना ठाऊक होते, म्हणून ती लिनक्सवर पहिल्या फटक्यात चाले. त्याच दुकानात त्याच भावात मिळणारे संगणकाच्या आत बसणारे मोडेम याच्या अगदी उलट. ते 'विनमोडेम' म्हणून बदनाम झाले. उत्पादकाने मोडेमचे अर्धे काम चिपमधून काढून विंडोजच्या गुप्त प्रोग्रॅमवर टाकलेले. भाव उतरला, पण विंडोजबाहेर ते मोडेम म्हणजे नुसता पत्रा. ८१३९ नेही अर्धी हमाली प्रोसेसरवर टाकली होती आणि विनमोडेमनेही. एकाने ती कशी करायची हे सांगितले, दुसऱ्याने सांगितले नाही. दोन स्वस्त वस्तूंमध्ये एवढेच अंतर.

गोव्यात या फरकाचा उपयोग शाळांनी करून घेतला. २००० सालाच्या आगेमागे गोवा स्कूल्स कम्प्युटर्स प्रोजेक्ट या उपक्रमाने परदेशस्थ गोवेकरांच्या मदतीने वापरलेले संगणक शाळांना पोचवायला घेतले, आणि परवान्याचा खर्च वाचावा म्हणून त्यांवर लिनक्सचा मार्ग धरला. जुन्या यंत्रांना तेव्हा एक नवी युक्तीही मिळाली होती. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टमुळे हार्ड डिस्क नसलेले यंत्रसुद्धा लॅन कार्डावाटे दुसऱ्या एका मोठ्या यंत्रावरून सुरू होऊ शकते. वर्गात वीस मुले आणि चांगले यंत्र एकच, अशी स्थिती असेल तर हे वरदानच. त्या काळच्या कार्डांवर एक रिकामी खाच असे. पुष्कळांना ती कशाची हेच ठाऊक नसे. जाळ्यावरून जागे होण्याचा मंत्र ज्या चिपमध्ये असतो ती बसविण्याची ती जागा. चिप महाग पडली तर तोच मंत्र फ्लॉपीवर लिहून काम भागे.

पुण्यात याच काळात एक वेगळाच मार्ग चोखाळला जात होता. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सी-डॅक ही संस्था उभी राहिली. १९९१ चा परम ८००० हा ट्रान्सप्युटर नावाच्या विलायती चिपा जोडून केलेला. त्या चिपेला शेजाऱ्यांचा हात धरायला चार जोड अंगच्याच असत. लॅन कार्ड वेगळे नको. पुढे सी-डॅकने परमनेट या नावाने स्वतःचे जाळे, स्वतःची कार्डे तयार केली. १९९८ च्या परम १०००० मध्ये आणि २००३ च्या परम पद्ममध्ये ती होती. दुसऱ्याचा तक्ता मिळत नाही म्हणून रडत न बसता स्वतःच कार्ड करायचे, हा बाणा मोठाच. पण बाण्याला पैसा आणि माणसे लागतात. अभ्यासिकेच्या वर्गणीतून तो होत नाही. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या कंपनीचा 'एका' हा महासंगणक जगात चौथा आला. तो बाजारात मिळणारी यंत्रे नि जाळ्याचे साहित्य जोडून केलेला, आणि त्यावर लिनक्सच. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशेही महासंगणकांवर लिनक्स आहे. नासाच्या त्या सोळा बाजारी डब्यांचा हा वंशविस्तार.

तारेच्या कार्डांचे भांडण अशा रीतीने मिटत आले, तोच तार गेली आणि वायफाय आले. कुलूप पुन्हा लागले, आणि या वेळी अधिक जाड. वायफाय कार्डाच्या पोटात त्याचा स्वतःचा एक प्रोग्रॅम चालतो. तो बंदिस्त ठेवण्यासाठी उत्पादकांना सबबही चांगली मिळाली: रेडिओच्या लहरींवर सरकारी नियम असतात, ग्राहकाने चिपेशी खेळ केला तर नियम मोडतील. सबब अगदीच खोटी नव्हती. पण परिणाम असा, की २००३ ते २००८ या काळात नवा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स बसविणाऱ्याला वायफायचा दिवा लागणे म्हणजे नवस फेडण्याजोगी गोष्ट वाटे.

लोकांनी दोन वाटा काढल्या. एक अशी, की विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सला फसवून आत घ्यायचा. एनडीआयएस रॅपर नावाच्या प्रोग्रॅमने ते काम केले. दुसरी वाट कष्टाची. ब्रॉडकॉमच्या चिपांचा तक्ता मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी दोन तुकड्या केल्या. एका तुकडीने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचे नुसते वर्णन लिहायचे. दुसरीने तो ड्रायव्हर डोळ्यांनीही पाहायचा नाही. पहिलीच्या वर्णनावरून नवा लिहायचा. म्हणजे चोरीचा आळ नको. सोवळ्या-ओवळ्याचे एवढे कडक पालन मी आमच्या आजीच्या स्वयंपाकघरानंतर कोठे ऐकलेले नाही. २००६ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्समध्ये दाखल झाला. २०१० च्या सप्टेंबरात खुद्द ब्रॉडकॉमने आपल्या काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. अथेरॉसच्या एका लोकप्रिय यूएसबी चिपेचा तर पोटातला प्रोग्रॅमसुद्धा पुढे खुला झाला.

इथे घेणाऱ्याला चकविणारी एक बाब आहे. डब्यावरचे नाव आणि आतली चिप यांचे लग्न कायमचे नसते. टीपी-लिंकची टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन ही वायफायची दांडी लिनक्सवाल्यांत नावाजलेली होती, कारण तिच्यात अथेरॉसची ती चिप असे. पुढच्या आवृत्तीत नाव तेच राहिले, रूप जवळजवळ तेच राहिले, आणि आत रिअलटेकची दुसरीच चिप आली. यात लबाडी काही नाही. आवृत्तीचा आकडा लहान अक्षरांत छापलेला असतो. पण जुन्या लौकिकावर विसंबून जो घेतो त्याच्या हाती भलतीच वस्तू पडते. म्हणून "कोणत्या कंपनीचे घेऊ?" हा प्रश्नच मुळात चुकीचा. विचारायचे ते चिप कोणती.

आमच्या अभ्यासिकेसाठी मी पहिली दांडी आणली ती शहरातल्या एका दुकानातून, नाव सांगत नाही. दुकानदार सज्जन. म्हणाला, "सर, विंडोज पे तो चलताच चलता. लिनक्स का अपने को मालूम नै." निदान खरे बोलला. ती दांडी यंत्राला लावली, तर ती स्वतःला वायफाय म्हणेचना. मी सीडी आहे, असे सांगू लागली! विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊन येणाऱ्या दांड्या आहेत. आधी त्या सीडीचे सोंग घेतात, ड्रायव्हर देतात, आणि मग खरे रूप दाखवतात. आमच्या यंत्रावर तिचे सोंग उतरेना. दहावीतल्या एका मुलीने ती काढली, दुसऱ्यांदा लावली आणि पडद्यावर तिचा क्रमांक वाचून वहीत उतरवला. तेव्हापासून आमच्याकडे वहीच आहे.

हा क्रमांक म्हणजे फार सोयीची गोष्ट. प्रत्येक कार्ड यंत्राला दोन आकडे सांगते: उत्पादक कोण आणि चिप कोणती. लिनक्सवर एक लहानशी आज्ञा दिली, तारेच्या कार्डाला एलएसपीसीआय आणि दांडीला एलएसयूएसबी, की ते दिसतात. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६. आपल्या सर्वांत गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव त्या कंपनीने आपला क्रमांक म्हणून घेतले, याचे मुलांना फार कौतुक. रिअलटेकच्या कार्डाचा क्रमांक १०ईसी. १०ईसी : ८१३९ दिसले की समजावे, तो जुना हमाल. १०ईसी : ८१६८ दिसले की त्याचा नातू, गिगाबिट वेगाचा, तोही लिनक्सच्या मूळ पेटीतल्या ड्रायव्हरवर चालतो. मुलांनी दुकानात जायचे ते पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन. दुकानदाराला विनंती करायची, "मामा, पाच मिनिटं तुमच्या पीसीला लावून बघू का?" बहुतेक मामा होय म्हणतात. एकजण तर आता गिऱ्हाइकांना आमची वही दाखवायला मागतो.

अकरा यंत्रांचा हिशेब असा लागला. चारांचे स्वतःचे तारेचे दार शाबूत होते. तिघांत ८१६८ ची नवी छोटी कार्डे बसविली. मागच्या खोलीतल्या दोघांना मीडियाटेकच्या एमटी ७६०१ चिपच्या दांड्या लावल्या. त्या वेगाला बेताच्या, पण २०१५ पासून त्यांचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. जाळे नसलेल्या यंत्राला जाळ्यावरून ड्रायव्हर उतरवून घ्या म्हणणे, हा विनोद ज्यांनी सोसला आहे त्यांना याची किंमत कळेल. उरलेली दोन यंत्रे फारच जुनी. त्यांच्यात नवे कार्ड बसण्याजोगी खाचच नाही. जुन्या सामानवाल्याच्या पोत्यातून त्यांच्यासाठी दोन ८१३९ निघाली, एकावर गंज, एकाची पत्र्याची पट्टी वाकडी. पोत्याचा भाव किलोवर होता. दोन कार्डांचे काय घ्यावे हे त्याला सुचेना, म्हणून त्याने चहा मागितला.

वाकडी पट्टी पक्कडीने सरळ केली. वीज दिली, तार खोचली, आणि हिरवा दिवा लागला. ना तबकडी मागितली, ना प्रश्न विचारला. शंभराचा वेग, म्हणजे आजच्या मानाने बैलगाडी. पण अर्जाचे पान उघडायला तो पुरून उरतो. चिप वीस वर्षांपेक्षा जुनी. बाजारात नवी ८१३९ आता कोणी शोधूही नये. तरी तिचे नाव पुसलेले नाही. एका संगणकाच्या पोटात दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करणारा क्यूईएमयू नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. त्या सोंगालाही लॅन कार्ड लागते, आणि ते हुबेहूब वठवायचे तर खाने माहीत असलेलेच हवे. त्याच्या यादीत एनई २००० आहे, आणि आरटीएल ८१३९ ही आहे.